अँटीबॉडी ८९०: थायरॉईड कॅन्सरनंतरचा एक रिपोर्ट आणि जीन तपासणीची घाई

लातूरला आमच्या ओपीडीत थायरॉईड कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या एक ताई आल्या तेव्हा बरोबर नवरा, थोरली मुलगी आणि बहिणीचा मुलगा असे तिघं होते. भाचा छत्रपती संभाजीनगरला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतो. फाईल त्याच्याच हातात होती. शस्त्रक्रियेला वर्ष झालं होतं आणि आदल्या आठवड्यात आलेल्या रिपोर्टात अँटी-थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या एका प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी, ८९० आली होती. सहा महिन्यांपूर्वी तीच ५१५ होती. आजार उलटला असं घरातल्यांनी धरूनच टाकलं होतं.

भाच्याच्या दोन मागण्या होत्या. एक, लगेच पेट-सीटी, म्हणजे सगळ्या शरीराचा स्कॅन. दुसरी, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवून प्रतिकारशक्तीशी संबंधित जीनचा 'रिस्क स्कोअर' काढायचा. प्रयोगशाळेने सांगितलेल्या रकमेत आडतीवरून आलेली सोयाबीनची अख्खी पट्टी गेली असती, आणि नवरा ती द्यायला तयार होता. माझं मत पडलं की दोन्ही आत्ता नकोत. प्रतिकारशक्तीची जी खूण या बाईंच्या बाबतीत खरोखर काही सांगते, ती फाईलमध्ये आधीपासूनच होती. फक्त ती नीट वाचायला हवी होती.

आधीचं सगळं

ताई ४१ वर्षांच्या, औसा तालुक्यातल्या एका गावच्या. घरची कोरडवाहू शेती, शिवाय त्या शिलाईकाम करतात. मानेच्या उजव्या बाजूला गाठ लागली ती ब्लाऊजचं माप घेताना शेजारणीच्या लक्षात आली. सोनोग्राफीत थायरॉईडच्या उजव्या भागात २.४ सेंटीमीटरची गाठ निघाली, कडा वेड्यावाकड्या, आत बारीक चुन्याचे कण. त्याच बाजूला मानेतल्या लसिकाग्रंथी संशयास्पद. सुईच्या तपासणीत बेथेस्डा ६, म्हणजे कॅन्सर जवळजवळ नक्की. थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक थोडं वाढलेलं आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची आणखी एक अँटीबॉडी, भरपूर. याचा अर्थ हाशिमोटो थायरॉयडायटिस आधीपासून होता: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उठलेली.

संपूर्ण थायरॉईड आणि उजव्या बाजूच्या लसिकाग्रंथी काढल्या. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात पॅपिलरी कार्सिनोमा, नेहमीचा प्रकार. १९ पैकी ४ ग्रंथींत कॅन्सर, सगळ्यात मोठा साठा ११ मिलिमीटर, आवरणाबाहेर नाही. बाकीच्या थायरॉईडमध्ये लिम्फोसाइट पेशींची दाटी. वय ५५ च्या आत आणि दूर कुठे पसरलेलं नाही, म्हणून २०१८ पासून वापरात असलेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरची अवस्था ठरवण्याचे निकष देणारी अमेरिकी समिती) आठव्या आवृत्तीप्रमाणे ही पहिली अवस्था. मात्र आजार परत येण्याची जोखीम वेगळी मोजतात. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती मध्यम धरली. जिवाला धोका आणि आजार परतण्याचा धोका हे दोन वेगळे हिशोब आहेत, हे घरच्यांना सांगायला बराच वेळ लागतो. पण तो द्यावाच, कारण पुढचा निम्मा गोंधळ त्या दोन्हींच्या सरमिसळीतून होतो.

दोन महिन्यांनी हैदराबादला १०० मिलीक्युरी रेडिओआयोडीन, म्हणजे उरलेल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन, झालं. त्याआधी दोन आठवडे बिनआयोडीनचं मीठ, दूध-अंडी बंद, ज्वारीची भाकरी आणि वरण. नंतरच्या स्कॅनमध्ये मानेत थायरॉईडच्या जागेपुरताच उरलेला अंश दिसला, बाकी काही नाही.

भाच्याने आणलेले कागद

पोराने मेहनत घेतली होती. चार-पाच शोधनिबंधांच्या प्रिंट, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी रेघ. सगळ्यांचा सूर एकच: थायरॉईड कॅन्सरच्या गाठीतले प्रतिकारशक्तीशी संबंधित काही जीन किती जोरात चालू आहेत ते मोजायचं, प्रत्येकाला एक गुणक लावायचा, बेरीज करायची. बेरीज जास्त आली तर रुग्ण 'हाय रिस्क', कमी आली तर 'लो रिस्क'. कागदावर दोन्ही गटांच्या जगण्याच्या रेषा एकमेकींपासून फाटत गेलेल्या दिसतात आणि वाटतं, बस, उत्तर मिळालं.

त्यामागची कल्पना चुकीची नाही. गाठीत कॅन्सरच्या पेशी एकट्या नसतात. मारक टी-पेशी असतात, त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी असतात, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ सारखं प्रथिन पुढे करून टी-पेशींना थोपवतात. अत्यंत आक्रमक अशा अॅनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सरमध्ये तर मॅक्रोफेजची गर्दी इतकी असते की गाठीचा मोठा भाग त्यांचाच. त्यामुळे या पेशींच्या जीनवरून आजाराची चाल ओळखता येईल का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अडचण आहे ती हे स्कोअर कुठून येतात त्यात. असे बहुतेक निबंध एकाच विहिरीतून पाणी काढतात. 'द कॅन्सर जीनोम अॅटलस' या अमेरिकी प्रकल्पाने पॅपिलरी थायरॉईड कॅन्सरच्या सुमारे ५०० गाठींचा जनुकीय अभ्यास केला, त्याचा मुख्य निबंध २०१४ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. ती सगळी माहिती जगाला खुली आहे, ही फार मोठी गोष्ट. कुणीही ती उतरवून घेतो, 'इमपोर्ट' या प्रतिकारशक्तीच्या माहितीकोशातून दीड हजारांहून अधिक जीनची यादी घेतो, संगणकाला सांगतो की यातले रुग्णाच्या जगण्याशी जुळणारे शोध. कुणाच्या यादीत चार-पाच जीन उरतात, कुणाच्या दहा-बारा.

आता त्या ५०० रुग्णांत पाठपुराव्याच्या काळात मृत्यू किती झाले? १६ च्या आसपास. पॅपिलरी कॅन्सरमध्ये दहा वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, मृत्यू कमी असणारच. पण संख्याशास्त्राचा साधा दंडक असा की एक घटक तपासायला निदान दहा घटना हाताशी हव्यात. सोळा मृत्यूंच्या आधारावर दीड हजार जीनमधून दहा निवडायचे म्हटलं की योगायोगाने जुळणारे जीन वर येणारच. म्हणूनच एका निबंधातली यादी दुसऱ्याशी फारशी जुळत नाही. भाच्याने आणलेल्या निबंधांच्या याद्या आम्ही टेबलावर शेजारी ठेवल्या आणि त्यालाच सारखी नावं शोधायला सांगितली. त्याने दोनदा बोट फिरवलं आणि गप्प झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती थेट या ताईंना लागू पडते. अॅटलसमधल्या गाठी अख्ख्या वाटून त्यातला आरएनए, म्हणजे जीन किती चालू आहे ते सांगणारा रेणू, मोजलेला आहे. कुठला आरएनए कॅन्सरच्या पेशीतला आणि कुठला शेजारच्या लिम्फोसाइटमधला, हे त्यात वेगळं दिसत नाही. 'सायबरसॉर्ट'सारखे कार्यक्रम नंतर फक्त अंदाज बांधतात. ताईंच्या थायरॉईडमध्ये हाशिमोटोमुळे लिम्फोसाइटचे थवेच्या थवे आधीपासून बसलेले. त्यांच्या ब्लॉकवर हा स्कोअर काढला असता तर आकडा खूप मोठा आला असता आणि त्याने मोजला असता तो हाशिमोटो. कॅन्सरशी शरीर कसं झुंजतंय हे त्यातून कळलं नसतं. पॅपिलरी कॅन्सरबरोबर हाशिमोटो असलेल्या रुग्णांत आजार कमी पसरतो आणि कमी परततो, असं अनेक पाहणी-अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे स्कोअरने 'प्रतिकारशक्तीचे जीन वाढलेले' असा इशारा दिला असता तरी तो कदाचित चांगल्याच बाजूचा असता. घरच्यांनी मात्र तो उलटा वाचला असता.

तिसरं, 'हाय' आणि 'लो' ठरवणारी रेघ. ती बहुतेक वेळा त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या बरोबर मधल्या आकड्यावर मारलेली असते. निम्मे वर, निम्मे खाली. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीने, फॉर्मलिनमध्ये ठेवून आरएनए तुटलेल्या ब्लॉकवर काढलेला एका बाईचा आकडा त्या रेघेशी कसा ताडून बघायचा? आणि त्या ५०० रुग्णांत बहुसंख्य श्वेतवर्णी. हे सगळं ऐकत बसलेले ताईंचे यजमान तेव्हा पहिल्यांदा बोलले. "म्हंजे मंडळाच्या पावसागत झालं की, साहेब. गेजवर ६५ मिलिमीटर पडला की अख्खं मंडळ अतिवृष्टीत. आमच्या शिवारात काय पडलं ते कोण बघायलंय?" मी इतक्या वेळात जे सांगत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"लेकीचं जमवायलोत"

जीन तपासणीचा आग्रह का होता याचं एक कारण यजमानांनी बाहेर आल्यावर, मुलगी औषधाच्या दुकानात गेली तेव्हा सांगितलं. "लेकीचं जमवायलोत. पाहुण्यांनी इचारलं तर काय सांगावं? जीनमधलं म्हणल्यावर लेकरांतबी असंल की." जीन म्हणजे वंशातून आलेलं, असा सरळ अर्थ त्यांनी लावला होता, आणि तो लावणं स्वाभाविक आहे.

गाठीच्या ब्लॉकमधून मोजले जाणारे हे जीन म्हणजे त्या गाठीत, त्या वेळी काय चालू होतं याची नोंद. ते मुलींना दिलं जात नाही. पॅपिलरी कॅन्सर बहुतांश वेळा घराण्यातून येत नाही. जवळच्या नात्यात दोन-तीन जणांना असेल तरच तो विचार करायचा, आणि यांच्या घरात तसं कुणी नव्हतं. थायरॉईडचा जो प्रकार खरोखर आई-वडिलांकडून मुलांकडे जाऊ शकतो तो मेड्युलरी. त्यासाठी आरईटी या जीनची तपासणी रक्तावर होते आणि ती प्रत्येक मेड्युलरी रुग्णाची करावी. ताईंचा प्रकार तो नव्हे. मुलींना आत्ता कुठल्याही तपासणीची गरज नाही, मानेत गाठ लागली तर दाखवा, एवढं मी लेटरहेडवर लिहून सही करून दिलं. त्या कागदाचा त्यांना बाकी सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग झाला असावा.

दोन रिपोर्ट शेजारी

आता ८९० कडे.

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात, निरोगी असोत की कॅन्सरच्या. थायरॉईड पूर्ण काढून रेडिओआयोडीन दिल्यावर रक्तात ते जवळजवळ शून्य असायला हवं, म्हणून आजार परतला का हे बघायला त्याचाच आधार घेतात. ताईंचं ०.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होतं. वाचून बरं वाटतं, पण त्यांच्या बाबतीत त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्तात थायरोग्लोब्युलिनविरुद्ध अँटीबॉडी असल्या की त्या प्रथिनाला चिकटून राहतात आणि नेहमीच्या यंत्राला ते दिसतच नाही. खरं प्रमाण जास्त असलं तरी आकडा कमी येतो. थायरॉईड कॅन्सरच्या दर चार रुग्णांत साधारण एकाला अशा अँटीबॉडी असतात. म्हणून थायरोग्लोब्युलिनबरोबर अँटी-थायरोग्लोब्युलिन प्रत्येक वेळी तपासायचीच. नुसतं थायरोग्लोब्युलिन तपासून 'सगळं ठीक' म्हणून पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि मला ते खरोखर खटकतं. दुसऱ्या तपासणीचा खर्च एका एसटीच्या फेरीएवढाही जास्त नसतो.

अशा रुग्णात मग अँटीबॉडीच खूण म्हणून वापरायची. शरीरात थायरोग्लोब्युलिन आहे तोवर प्रतिकारशक्तीला चिथावणी मिळत राहते. ते संपलं की अँटीबॉडी हळूहळू उतरते. पूर्ण नाहीशी व्हायला बहुधा दोन-तीन वर्षं, कधी अधिकही लागतात. रेडिओआयोडीननंतर काही महिने ती थोडी चढूही शकते, त्याला घाबरायचं नाही. पण त्यानंतर उतरत असलेली अँटीबॉडी पुन्हा वाढायला लागली तर मात्र शोध घ्यायचा. म्हणजे ८९० चा आकडा खरा असता तर भाच्याची काळजी रास्तच होती.

मी दोन्ही प्रयोगशाळांचे रिपोर्ट टेबलावर ठेवले. आधीचे दोन लातूरच्या एकाच प्रयोगशाळेचे: रेडिओआयोडीनआधी ६४०, सहा महिन्यांनी ५१५. खाली बारीक अक्षरात पद्धत 'ईसीएलआयए' आणि नॉर्मलची वरची मर्यादा ११५. नवा रिपोर्ट गावाजवळच्या कलेक्शन सेंटरने घेतलेल्या रक्ताचा. त्यांनी नमुना दुसऱ्याच प्रयोगशाळेला पाठवला होता. पद्धत 'सीएलआयए', मर्यादा ६०. एकक दोन्हीकडे तेच, आययू प्रति मिलिलीटर, आणि फसगत होते ती तिथेच. या अँटीबॉडी प्रत्येक माणसात वेगळ्या घडणीच्या असतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची किट त्यांचे वेगवेगळे भाग पकडतात. एकाच रक्ताचे दोन किटवरचे आकडे कित्येक पटींनी वेगळे येऊ शकतात. मर्यादांचं गुणोत्तर लावूनही ते जुळवता येत नाहीत.

त्याच दिवशी रक्त घेऊन पहिल्याच प्रयोगशाळेकडे पाठवलं आणि दुपारी मानेची सोनोग्राफी केली. थायरॉईडच्या जागी काही नाही. डावीकडे ६ मिलिमीटरची एक ग्रंथी, मधली चरबीची रेघ शाबूत, म्हणजे साधी. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: २८४. वर्षभरात ६४० वरून निम्म्याहून खाली. त्या आठवड्यात कुणी पेट-सीटी केला असता तर काही दिसलं नसतं, किंवा त्याहून वाईट, भलतंच काहीतरी चमकलं असतं आणि त्यामागे आणखी तपासण्या लागल्या असत्या. पेट-सीटीची खरी जागा म्हणजे जिथे थायरोग्लोब्युलिन १० नॅनोग्रॅमच्या वर आहे आणि आयोडीनच्या स्कॅनमध्ये मात्र काहीच दिसत नाही.

या भेटीत एक खरी गडबड सापडली, ती वेगळीच. टीएसएच ५.८ होता. त्यांच्या जोखमीला तो पहिल्या काळात ०.१ ते ०.५ च्या दरम्यान हवा, कारण टीएसएच उरल्यासुरल्या पेशींना वाढायला उत्तेजन देतो. थायरॉईडची गोळी तर रोज घेत होत्या. विचारल्यावर कळलं की पहाटे चुलीवर चहा झाला की चहाबरोबर थायरॉक्सिन, आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळी त्याच घोटात. कॅल्शियम थायरॉक्सिन आतड्यातच धरून ठेवतं. थायरॉक्सिन उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, एवढा बदल केला. मात्रा न वाढवता आठ आठवड्यांनी टीएसएच ०.४ वर आला.

मग कुठलाच जीन तपासायचा नाही का

भाच्याने हे विचारलं आणि तो प्रश्न योग्य होता. पॅपिलरी कॅन्सरमध्ये दोन बदलांचा अभ्यास खूप झाला आहे. बीआरएएफ या जीनमधला व्ही६००ई हा बदल अॅटलसमधल्या साधारण ६० टक्के गाठींत सापडला. इतका सर्रास असल्यामुळे तो एकटा फार काही सांगत नाही. टर्ट या जीनच्या प्रमोटरमधला, म्हणजे तो जीन चालू करणाऱ्या भागातला, बदल त्यामानाने विरळा, पण तो आणि बीआरएएफ दोन्ही एकाच गाठीत असतील तर आजार परतण्याची आणि जिवाची जोखीम स्पष्ट वाढते. वयस्कर रुग्ण, मोठी गाठ, आवरणाबाहेर पसरलेला आजार असेल तर मी ही तपासणी करायला सांगतो. ताईंमध्ये त्याचं उत्तर काहीही आलं असतं तरी शस्त्रक्रिया, आयोडीन, गोळी यांतलं काहीच बदललं नसतं.

आणि सत्तरीच्या रुग्णाची मान दोन-तीन आठवड्यांत सुजत चालली असेल, आवाज बसला असेल, अॅनाप्लास्टिकचा संशय असेल, तर मी हेच उलट सांगेन: बीआरएएफ आजच्या आज पाठवा. व्ही६००ई असलेल्या अॅनाप्लास्टिकसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांच्या जोडीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि एरवी काही महिन्यांचा असलेला हा आजार त्याने काही जणांत खरोखर मागे हटला. पीडी-एल१ आणि प्रतिकारशक्तीवर चालणारी औषधं यांचा विचारही तिथेच होतो. प्रतिकारशक्तीच्या जीनचे स्कोअर उद्या उपयोगी पडतील, माझी तशी आशा आहे. त्यासाठी ते आपल्याकडच्या रुग्णांत, आजार परतण्याच्या घटना मोजून, हाशिमोटो असलेल्यांना वेगळं धरून पारखले जायला हवेत. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय घे, ब्लॉक जपून ठेवणाऱ्या पॅथॉलॉजी विभागांशी बोल. मावशीच्या पट्टीच्या पैशांवर नको.

आजची स्थिती

फाईलच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवला आहे: तारीख, प्रयोगशाळा, पद्धत, थायरोग्लोब्युलिन, अँटीबॉडी, टीएसएच. ८९० ची ओळही त्यात आहे, वेगळ्या शाईने, शेजारी 'पद्धत वेगळी' असं लिहून. दीड वर्षाला अँटीबॉडी १७१, दोन वर्षांना १२६. मर्यादेच्या अजून थोडी वर आहे, त्यामुळे कागदोपत्री हा प्रतिसाद 'अनिश्चित' याच रकान्यात बसतो. घरच्यांना मी तसंच सांगितलं आहे. मानेची सोनोग्राफी दोन्ही वेळा स्वच्छ.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत. अँटीबॉडी लागोपाठ दोनदा वाढली, थायरोग्लोब्युलिन वर आलं किंवा मानेत संशयास्पद ग्रंथी दिसली तर सुईची तपासणी आणि गरजेप्रमाणे स्कॅन. आजार खरोखर परतल्याचं ठरलं तर ब्लॉक काढून बीआरएएफ आणि टर्ट दोन्ही करायचे. ब्लॉकचा नंबर तक्त्याच्या खाली लिहून ठेवला आहे.